पुरे म्हणेपर्यंत

बाबांच्या टाचेला बिब्बा मीच लावला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी "घरी लावला" म्हणाले, जसं काही घराला हात असतात. आता लिहायला बसलेच आहे तर सरळ लिहिते. माझ्याच हातानं लावला, चांगल्या दुपारच्या उजेडात, आणि बाबा समोर बसून हसत होते.

बाबा घाटघरचे. जन्म गेला भातखाचरांत आणि नाचणीच्या उतारावर. मी लग्न होऊन मंचरला आले, कांद्याच्या शेडवर निवडणीच्या कामाला लागले, आणि हळूहळू मंचरचीच झाले. आई गेल्यावर बाबांना किती वेळा म्हटलं, इकडे या. ते दोन दिवस यायचे, तिसऱ्या दिवशी हायवेच्या गाड्यांना शिव्या घालत परत जायचे. शेवटी त्यांना इथं आणलं ते कंबरेनं. कंबर धरली म्हणून जुन्नरला दाखवलं, तिथून पुण्याला पाठवलं, आणि पुण्यात कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरलाय. ऑपरेशनचं वय राहिलं नव्हतं. दुखणं आवरायचं, एवढंच आता हातात आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

ते दुखणं मी पाहिलंय. विळ्यानं बोट कापलं तरी त्यावर माती दाबून कापणी पुरी करणारा हा माणूस. तो उपरण्याचं टोक दातांत धरून भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी चहा घेऊन गेले की म्हणायचा, "ठेव तिथं." चहा तसाच गार व्हायचा. माझा स्वभाव मुळात घाबरट, आणि घाबरले की मी चिडते. त्या महिन्यात मी घरातल्या सगळ्यांवर इतकी खेकसले की नवरा म्हणाला, "तुझ्या भीतीला आठवड्यातनं एक तरी सुट्टी दे."

पुण्याच्या त्या हॉस्पिटलात दुखणं आवरण्याचा एक वेगळा विभाग आहे. तिथल्या सिस्टरनं मॉर्फिनच्या गोळ्या समजावून दिल्या. घड्याळ लावून द्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही. पोट साफ होण्याचं औषध चुकवायचं नाही.  नाव ऐकून वाटलं, म्हातारपणी बापाला नशेला लावते की काय. सिस्टरनं ती भीती शांतपणे काढली. मग एकेक बोट मोडत सांगितलं, "ताप, खोकला, कुठं सूज, कुठं जखम, काहीही दिसलं तर लगेच फोन करायचा. या औषधानं जंतूंशी लढायची ताकद थोडी कमी होऊ शकते. त्यांचं वय, त्यांचा आजार, म्हणून जास्त सांगते." मी मान डोलवली. माझं सगळं लक्ष नशेकडे होतं. हे दुसरं वाक्य मी फाइलच्या पिशवीत घालून घरी आणलं आणि पिशवी खुंटीला लावली.

दोनतीन दिवसांत बाबांनी भाकरी मागितली. मग अंगणात खुर्ची मागितली. मग एक दिवस मी शेडवरून आले तर बाबा अनवाणी घराला फेऱ्या मारत होते. म्हणाले, "लई बरं वाटतंय. दुखत व्हतं का न्हवतं, तेच ध्यानात ऱ्हायलं न्हाई." मी आत जाऊन चुलीपाशी रडले. खरं सांगायचं तर ती गोळ्यांची पुडी देव्हाऱ्यात ठेवायचीच बाकी होती.

चप्पल त्यांनी जन्मात धडपणे घातली नाही. थंडी पडली की टाचांना भेगा पडायच्या, एकेक भेग अशी की आत ज्वारीचा दाणा बसावा. आमच्याकडे त्यावर एकच उपाय. बिब्बा दाभणाला टोचायचा, दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, तेल सुटलं की कढत थेंब भेगेत सोडायचा. बिब्बा उतून आसपासच्या कातडीला फोड येऊ नयेत म्हणून भोवती आधी खोबरेल चोळायचं. आई दर हिवाळ्यात आमची रांग लावून हे करायची. किती थेंब, याचं माप नव्हतं. चटका आत पोचला की माणूस "पुरे" म्हणतो, तिथं थांबायचं. आम्ही पोरं पहिल्या थेंबाआधीच पुरे म्हणायचो आणि धपाटा खायचो. बाबा तिसऱ्याचौथ्याला म्हणायचे. आई थेंब सोडताना टाचेकडे कमी आणि तोंडाकडे जास्त बघायची.

जानेवारीत बाबांनी गावाकडून आणलेली पुरचुंडी सोडली आणि म्हणाले, "बिब्बा लाव की ग. टाच पार उललीय."

मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी बाबांनी काहीतरी मागितलं होतं, आणि ते मला येत होतं. दिवा लावला, दाभण घेतलं. पहिला थेंब सोडला, बाबा काही बोलले नाहीत. दुसरा सोडला. बाबा लहानपणी नाणेघाटानं मिठाची गोणी घेऊन चढल्याची गोष्ट सांगत होते. तिसरा, चौथा. गोष्टीतल्या बाबांचा पाय घसरला, गोणी वाचली, आम्ही दोघंही हसलो. मी थांबून विचारायला हवं होतं. पण विचारायची पद्धतच नव्हती, वाट बघायची पद्धत होती. मी पुरेची वाट बघत एकेका भेगेत थेंब सोडत राहिले. शेवटी बिब्ब्यातलं तेल संपलं म्हणून थांबले.

बाबा म्हणाले, "तुझ्या आईपेक्षा तुझा हात हलका हाय."

हे ऐकून मी फुगले. शेजारणीला सांगून आले. थंडीची टाच उघडी नको म्हणून त्यांच्या पायांत लोकरीचे मोजे चढवले आणि माझ्या मते काम चोख केलं.

पुढचे पाचसहा दिवस मी रोज विचारत होते, "टाच दुखतेय का?" बाबा रोज "न्हाई" म्हणत होते. ताप बघत होते, ताप नव्हता. जेवण थोडं कमी झालं होतं. झोप वाढली होती. गोळीनं झोप येते असं सिस्टरनं सांगितलं होतं, म्हणून ते त्या खात्यात टाकून मोकळी झाले.

मग वास आला. माझं नाक शेडवर नावाजलेलं आहे. ढिगात कुठं एक कांदा सडला तरी मला आधी कळतं. सकाळी स्वयंपाकघरात उभी होते, वास आला, बारीक, गोडसर. मी ओट्याखालची कांद्याची टोपली ओढली. एकेक कांदा काढून मानेवर अंगठा दाबून बघितला, कारण सडका कांदा वरून चांगला दिसतो पण मानेला मऊ लागतो. सगळे कांदे टणक होते. बटाटे काढले, तेही चांगले. नवऱ्याला म्हटलं, उंदीर मेलाय कुठंतरी, बघ. तो माळ्यावर चढला. मी बाहेरच्या खोलीत आले, बाबांच्या खाटेजवळून जाताना वास एकदम वाढला, आणि मी त्यांच्या पायांशी बसले.

मोजा काढला. तो टाचेला चिकटला होता. ओढताना मी डोळे मिटून घेतले, बाबांनी पापणीही हलवली नाही. टाचेची निम्मी कातडी काळपट झाली होती, कडेनं पिवळं पाणी. जखम एवढी मोठी होती, तिच्या मानानं लाली काहीच नव्हती. घोट्यापर्यंत सूज होती, तीही थंड, मऊ. मी अंगठा दाबला. मला दुसरं काही येतच नाही, मी अंगठाच दाबला. तो आत गेला.

बाबा म्हणाले, "दुखत न्हाई ग. कशाला रडतीस?"

मला जी भीती वाटली ती आमच्याकडच्या लोकांना लगेच कळेल. आमच्या घरामागं ऊस आहे आणि उसात बिबट्या असतो, हे आता रोजचंच. कुत्रं भुंकत असलं तर आम्ही कामं करत राहतो. कुत्रं भुंकता भुंकता गप्प होऊन खाटेखाली शिरलं की पोरं आत घेतो आणि दार लावतो. बाबा दुखत नाही म्हणत होते आणि मी आठवडाभर त्या गप्प बसण्यावर खूश होते.

मंचरच्याच एका दवाखान्यात त्यांना दाखल केलं. डॉक्टरांनी जखम साफ केली, शिरेतून औषध सुरू केलं, आणि आम्हा नवराबायकोला बाहेर बोलावलं. जंतू रक्तात जायची भीती आहे, म्हणाले. दोन दिवस बघू. आटोक्यात आलं नाही तर पाय घोट्यापासून काढावा लागेल, आणि या वयात, या आजारात, ते तेवढ्यावर थांबेलच असं सांगता येत नाही. नवऱ्यानं विचारलं, "पण ताप कसा आला नाही, डॉक्टर?" ते म्हणाले, "एकच असं कारण नाही. वय आहे, कॅन्सर आहे. आणि मॉर्फिन आहे. जखम झाली की अंग तिथं पेशी धाडतं, त्यातून सूज येते, लाली येते, ताप चढतो. मॉर्फिननं त्या पेशी जरा मंद पडू शकतात. आणि दुखणं तर कळतच नाही. टाच जाड, वर गोळी. बिब्बा हाडापर्यंत गेला असता तरी त्यांना कळलं नसतं." जाताना म्हणाले, "गोळ्या मात्र चालू ठेवा. मी पुण्याला बोलतो."

त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. डोक्यात एकच घुमत होतं, की ज्या पुडीला मी देवासारखं जपलं तीच पुडी बाबांच्या आतल्या राखणदारांना झोपवत होती.

त्या दवाखान्यात मॉर्फिन नव्हतं. आमचं आम्हीच आणलेलं, पुडी माझ्या पर्समध्ये. आता जे सांगते ते मी नवऱ्यालाही नंतरच सांगितलं. त्या दिवशी मी गोळी मोडून अर्धी दिली. पुढची दिलीच नाही. दवाखान्यातली नर्स विचारायला आली तिला सांगितलं, दिली. त्यानंतरचीही नाही. माझा हिशेब साधा होता. दोन दिवसांत फैसला आहे, तर या दोन दिवसांत बाबांच्या अंगाला पूर्ण शुद्धीवर राहून लढू दे. दुखेल थोडं. दुखलं तर बरंच, पाय जागा आहे हे तरी कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना दरदरून घाम फुटला. नाक गळायला लागलं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब. आणि कंबर परत आली. बाबांनी पलंगाचा लोखंडी दांडा धरला होता, बोटं पांढरी पडली होती. मी घाम पुसत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, लढतंय, अंग लढतंय. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

बाबा दात आवळून म्हणाले, "गोळी संपली का ग? संपली असंल तर ऱ्हाऊ दे. पुण्याला हेलपाटा नको घालूस."

मी जिन्यात जाऊन पुण्याच्या सिस्टरला फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं, बिब्ब्यापासून अर्ध्या गोळीपर्यंत.   त्या म्हणाल्या, "आधी आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना खरं सांगा. किती द्यायची ते मी त्यांना सांगते. मग माझ्याशी बोला."

डॉक्टरांना सगळं सांगून, बाबांना गोळी देऊन मी परत फोन लावला. तेव्हा त्या बोलल्या ते मला जवळजवळ शब्दाला शब्द आठवतं. "दुखण्यानं ताकद वाढते, असं तुम्हाला कोणी सांगितलं? माणूस झोपत नाही, जेवत नाही, सगळं अंग ताणलेलं. त्यानंही जंतूंशी लढायची ताकद खचतेच. गोळी अचानक तोडली की आणखी वेगळी उलथापालथ होते, तीही तुम्ही आज बघितली. गोळीनं ताकद कमी होऊ शकते हे खरंय. कोणाची किती, हे मलाही सांगता येत नाही. काही औषधं या बाबतीत जरा बरी असावीत असं दिसतं, पुढं बदलायचं का ते आपण डॉक्टरांना विचारू. पण तुम्हाला निवडायला यात एक निर्धोक वाट नाहीये, ताई. दोन्हीकडं भीती आहे."

मी विचारलं, "मग मी करू काय?"

"गोळी वेळेवर द्या. आणि गोळीनं त्यांच्या दुखण्याकडून जे काम काढून घेतलंय, ते तुम्ही करा. दुखतंय का म्हणून विचारू नका. रोज उघडून बघा."

पाय राहिला. तिसऱ्या दिवशी सूज घोट्याच्या खाली उतरली, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीवर टेकून आमच्याशी बोलले. काळं मांस कापून काढलं, खाली खड्डा राहिला. भरायला वेळ लागेल, म्हणाले. घरी जाताना त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, की पट्टी बदलताना जखमेच्या कडेनं हलकं दाबायचं. चांगलं मांस भरत आलं की तिथं दाबल्याचं कळायला लागेल, गोळी चालू असली तरी. महिन्याभरातही कड बधिर ती बधिरच राहिली, तर परत या.

तेव्हापासून माझी सकाळ ठरलेली आहे. शेडवर जायच्या आधी बाबांना उन्हात बसवते. टाळू, कानामागं, तोंडाच्या आत, काखा, पाठ, कंबरेखालची हाडं जिथं अंथरूण लागतं, बोटांच्या बेचक्या, तळवे. सगळीकडं डोळा आणि सगळीकडं हात. सिस्टर दर फोनला पोट साफ होतं का विचारतात, पूर्वी मला हसू यायचं, आता मी त्यांच्या आधी सांगते. बाबा पहिले काही दिवस लाजून चूर व्हायचे. मग सवय झाली, हात वर करा म्हणायच्या आत करायला लागले. नवरा दारातून म्हणतो, "कांदे निवडल्यासारखी माझ्या सासऱ्याला निवडतीस. टाकू नको बाजूला." मी त्याच्यावर खेकसते, पण त्याचं म्हणणं बरोबर आहे.

भीती गेली नाही. उलट मुक्कामाला आली. साधा खोकला आला तरी माझं धाबं दणाणतं. कुठं पुळी दिसली की मी तिच्याभोवती पेनानं गोल काढते, वाढते का ते बघायला. बाबांच्या पाठीवर असे दोन गोल नेहमी असतातच. आणि आजार आपला मणक्यात बसून आहे, तो काही कुठं गेलेला नाही. हे सगळं किती दिवसांसाठी, ते मी सिस्टरना विचारत नाही आणि त्याही आपणहून सांगत नाहीत.

कडा मी रोज दाबत होते. सुरुवातीला विचारायचे, "कळतंय का?" बाबा म्हणायचे, "कळतंय की." मला खरं वाटायचं. मग एक दिवस मी नुसता हात जवळ नेला, दाबलंच नाही, तरी ते म्हणाले, "कळतंय." माझ्या तोंडाकडे बघून बोलत होते, मला बरं वाटावं म्हणून. त्या दिवसापासून मी विचारणं बंद केलं. आई बघायची तसं दाबताना त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. तिथं काही हलत नव्हतं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी बाहेरून नीट दिसत होते, आतून पाचावर धारण बसली होती. परत या, असं डॉक्टर म्हणाले होते त्याची तारीख जवळ येत होती.

गेल्या सोमवारी ऊन जरा उशिरा आलं. बाबा नाणेघाटाची तीच गोष्ट परत सांगत होते, गोणी पाठीवर होती, पाय अजून घसरायचा होता. मी पट्टी सोडली, कड पुसली, अंगठा ठेवला आणि रोजच्याइतकंच दाबलं. गोष्ट मध्येच थांबली. बाबांच्या कपाळाला आठी पडली, त्यांनी पाय माझ्या हातातून ओढला.

"पुरे ग," ते म्हणाले.

मी लगेच हात काढला.